कुंपणापलीकडे काय आहे?

पुण्यात घर शोधायला निघालेलं कुटुंब साधारण तीन प्रश्न विचारतं. दर काय चाललाय? ताबा कधी मिळेल? आणि ‘एरिया’ कसा आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं निदान कागदावर मिळतात. तिसऱ्याला मात्र ‘चांगला आहे, डेव्हलप होतोय’ एवढंच उत्तर मिळतं आणि घेणारेही तेवढ्यावर थांबतात. या प्रकरणात आपण तोच तिसरा प्रश्न धसाला लावणार आहोत.

कारण सरळ आहे. फरशी, वायरिंग, स्वयंपाकघराचा ओटा पुढे कधीही बदलून घेता येतो. सोसायटीच्या मागून वाहणारा ओढा, न झालेला रस्ता किंवा न आलेली जलवाहिनी एकट्या सदनिकाधारकाच्या हातात नसते. आणि सदनिका घेतली जाते ती आयुष्यभराच्या बचतीतून, वर वीस वर्षांचं कर्ज काढून. उदाहरणं पुण्याची घेतली आहेत, कारण इथे गावांची उपनगरं फार झपाट्यानं झाली. चौकशीची पद्धत मात्र नाशिक, कोल्हापूर किंवा नागपुरातही हीच लागू पडते.

१. पावसाचं पाणी कुठून जातं?

चौकशी इथूनच सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. शाळा, दवाखाना, मॉल नंतर.

कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा धनकवडी, सहकारनगर, दांडेकर पूल असा येत मुठेला मिळतो. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याचं तळं याच ओढ्याच्या पाण्यावर झालं. त्या जागी आज सारसबाग आहे. एरवी या ओढ्यात सांडपाण्याचीच धार दिसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या मुसळधार पावसात त्याला असा लोंढा आला, की अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर या भागात घरांत पाणी शिरलं, सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसात पुणे शहर आणि आसपास वीसहून अधिक माणसं दगावली. मुठेचा काठ तिथून लांब आहे. पाणी आलं ते ओढ्याचं.

म्हणून घर बघायला गेलात, की नदी किती लांब आहे एवढं विचारून थांबू नका. जवळचा ओढा शोधा. तो आज दिसेलच असं नाही. कुठे त्यावर स्लॅब पडलेला असतो, कुठे तो सिमेंटच्या पाइपात कोंबलेला असतो, कुठे भराव घालून त्यावर रस्ता केलेला असतो. शोधायचे मार्ग सोपे आहेत. संगणकावर ‘गूगल अर्थ’ उघडून त्या जागेची जुनी उपग्रहचित्रं बघा. बांधकामं होण्यापूर्वी शेतांमधून गेलेली झाडाझुडपांची नागमोडी रेघ दिसली, तर तो ओढा समजा. मग आजचं चित्र लावा आणि ती रेघ कुठे तुटते ते पाहा. तुटलेल्या जागी इमारत उभी असेल, तर पावसाळ्यात ते पाणी नवी वाट काढणार. त्यानंतर गावठाणात जाऊन सत्तरीच्या एखाद्या आजोबांना विचारा, ‘बाबा, इथे पूर्वी काय होतं? पावसात पाणी कुठवर यायचं?’ हे सांगायला त्यांना नकाशा लागत नाही.

शक्य असेल तर भर पावसात एकदा तिथे जा. तळमजल्याच्या आणि कुंपणाच्या भिंतीवर ओलीची आडवी रेघ आहे का, पार्किंगमधले विजेचे मीटर नंतर वर चढवलेले दिसतात का, हे बघा. समोरच्या किराणा दुकानदाराला आणि वॉचमनला विचारा. त्यांना सदनिका विकायची नसते.

ओढ्यानंतर नदी. नदीकाठासाठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची पातळी. लाल पूररेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई असते. निळी आणि लाल यांच्यामध्ये जोत्याची उंची वगैरे अटी पाळून परवानगी मिळू शकते.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा पूर आला, की पुढची २४ वर्षं निर्धास्त, असा अर्थ नाही. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता २५ मध्ये १, म्हणजे ४ टक्के, असा त्याचा अर्थ. तुमचं कर्ज २० वर्षांचं आहे असं धरू. एखादं वर्ष पुराविना जाण्याची शक्यता ९६ टक्के. सलग २० वर्षं तशीच जाण्याची शक्यता काढायला ०.९६ हा आकडा २० वेळा मांडून गुणाकार करायचा. उत्तर येतं साधारण ०.४४. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के. निम्म्याहून जास्त! लाल रेषेसाठी हेच गणित केलं तर १८ टक्के येतात. तेही कमी नाहीत.

आणि रेषेच्या हिशेबावरही पूर्ण विसंबता येत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी भरलं, लष्कराला बोलवावं लागलं. त्या वेळी खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग होता. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास शंभर टँकर रिकामे व्हावेत, इतकं पाणी नदीत येत होतं. पुण्यातली निळी रेषा मात्र ६० हजार क्युसेक आणि लाल रेषा १ लाख क्युसेक विसर्ग धरून आखलेली आहे. रेषेच्या हिशेबापेक्षा बऱ्याच कमी विसर्गात लोकांच्या घरात पाणी आलं. धरणाच्या खालच्या बाजूला पडणारा पाऊस आणि पात्रात पडलेला राडारोडा या दोन्हींनी पातळी चढते. म्हणून रेषा बघाच, पण २०१९ आणि २०२४ मध्ये प्रत्यक्ष पाणी कुठवर आलं होतं, हेही विचारा.

निळ्या रेषेच्या आत घर घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण चिखलीत आहे. इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानंही रहिवाशांना दिलासा दिला नाही. खरेदीखत नोंदलं गेलं म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरलं, असं होत नाही. दुय्यम निबंधक व्यवहाराची नोंद करतो. त्या जागी बांधायला परवानगी होती का, याची हमी देत नाही.

२. हद्द कोणाची?

पाण्याच्या पुढच्या प्रश्नाआधी हे समजून घ्यावं लागतं, कारण नळ, गटार, रस्ता, दिवा, कचरा या सगळ्यांची जबाबदारी हद्दीवरून ठरते.

पुण्याभोवती पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, तीन कटक मंडळं, शेकडो ग्रामपंचायती आणि या ग्रामीण पट्ट्यात बांधकामाला परवानगी देणारं पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, इतक्या संस्था आहेत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं आणि ती राज्यातली सगळ्यात विस्तीर्ण महापालिका झाली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, पिसोळी ही गावं या दुसऱ्या खेपेतली. तिथल्या कितीतरी इमारतींना परवानगी पीएमआरडीएची, पायाभूत सोयी ग्रामपंचायतीच्या काळातल्या आणि जबाबदारी आता महापालिकेची. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर आधी महापालिकेत आली आणि पुढे वगळली गेली.

हिंजवडी बघा. माहिती-तंत्रज्ञान उद्यान एमआयडीसीचं. भोवतालच्या वसाहती हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायतींत. परवानगी पीएमआरडीएची. २०२५ च्या पावसाळ्यात तिथले रस्ते तुंबले, तेव्हा नाला नक्की कोणाचा, यावरच चर्चा होत राहिली. तिथे घर घेऊ नये, असं मी म्हणत नाही. नोकरी जवळ असेल तर ते सोयीचंच आहे. पण पत्त्यात ‘पुणे’ लिहिलं म्हणजे महापालिकेचा नळ आला, असं धरून चालू नका. ‘मालमत्ता कर कोणाकडे भरता?’ हा एक प्रश्न शेजारच्या राहत्या सोसायटीत विचारला, की हद्दीचा उलगडा होतो.

३. प्यायचं पाणी कुठून येतं?

पुण्याची तहान मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर भागते. त्यांची एकूण क्षमता २९.१५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. २०२१ पासून शहराच्या पूर्व भागाला भामा आसखेड धरणाचंही पाणी मिळतं. पण धरणात पाणी असणं आणि तुमच्या टाकीत येणं, यांच्यामध्ये जलवाहिनी, साठवण टाकी आणि दाब या तीन गोष्टी असतात. शहराच्या कडेच्या भागांत नेमक्या त्याच अपुऱ्या आहेत. म्हणून उंड्री, पिसोळी, वाघोली, सूस या भागांत टँकर रोज धावतात.

इथे एक कागद आवर्जून मागावा. पाण्याची सोय नसलेल्या भागात परवानगी देताना बांधकाम व्यावसायिकाकडून हमीपत्र घेतलं जातं. महापालिकेचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी मी पुरवेन, असा त्याचा आशय असतो. सोसायटी स्थापन झाली, व्यवहार हस्तांतरित झाले, की टँकरचं बिल बहुतेक ठिकाणी देखभाल खर्चात जाऊन बसतं. हमीपत्राची प्रत हातात असेल तर सोसायटीला निदान भांडता येतं.

हा खर्च किती होऊ शकतो, ते मांडून बघू. १०० सदनिका, प्रत्येकीत चार माणसं. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. एकूण गरज ५४ हजार लिटर. त्यातलं १४ हजार लिटर नळ आणि कूपनलिका मिळून येतं असं धरू. उरलेल्या ४० हजारांसाठी दहा हजार लिटरचे रोज चार टँकर लागतील. टँकरचा दर १,२०० रुपये धरला, तर रोजचे ४,८०० आणि महिन्याचे १ लाख ४४ हजार रुपये. सदनिकेमागे महिना १,४४० रुपये. वर्षातले आठ महिने टँकर लागला तर वर्षाला ११,५२० रुपये आणि कर्जाच्या वीस वर्षांत, दर अजिबात वाढला नाही तरी, २ लाख ३० हजारांच्या वर. दोन प्रकल्पांच्या किमतींची तुलना करताना ही रक्कम स्वस्त सदनिकेच्या किमतीत मिळवा. टँकरचा खरा दर आणि रोजच्या खेपा मात्र त्याच भागातल्या सोसायटीकडून घ्या. एप्रिल-मे महिन्यांची देखभालीची बिलं बघायला मिळाली तर सर्वांत उत्तम.

पाणी किती, याइतकंच ते कसं आहे हे महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे गेला. नांदेड आणि किरकटवाडी महापालिकेत येऊन तीन वर्षं उलटली होती, तरी तिथे पाणी येत होतं ते गावच्या विहिरीचं, पुरेशी शुद्धीकरण प्रक्रिया न होता. ‘कॉर्पोरेशनचं पाणी आहे’ एवढ्या उत्तरावर विसंबू नका. ते कोणत्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं, हे विचारा.

४. नकाशावरचा रस्ता, नकाशावरची बाग

प्रत्येक शहराचा विकास आराखडा असतो. लोक त्याला ‘डीपी’ म्हणतात. पुढची वीसेक वर्षं कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती शेतीसाठी, कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे मैलापाणी प्रक्रिया केंद्र, हे त्यात रंगवून आणि आरक्षणाचे क्रमांक घालून दाखवलेलं असतं. तुमच्या इमारतीचा सर्व्हे क्रमांक देऊन, थोडं शुल्क भरून, नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. नियोजित इमारतीच्या शेजारचे सर्व्हे क्रमांकही तपासा. गॅलरीतून दिसणारं मोकळं रान निवासी विभागात असेल तर तिथे उद्या टॉवर येईल. ते स्मशानभूमीसाठी किंवा कचरा प्रक्रियेसाठी राखीव असेल, तर तेही आजच कळलेलं बरं.

पण आराखड्यात रस्ता आहे म्हणजे तो होईल, असं नाही. पुण्याचा उंचावरून जाणारा वर्तुळाकार मार्ग, एचसीएमटीआर, १९८७ च्या विकास आराखड्यात आहे. सुमारे ३६ किलोमीटरचा तो रस्ता अजून झालेला नाही. पुरंदर विमानतळाची घोषणा २०१६ ची. २०२५ मध्येही भूसंपादनावरच वाद चालू होते. याउलट मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि मार्च २०२२ मध्ये पहिला टप्पा धावू लागला. म्हणजे काही योजना पाच-सहा वर्षांत उभ्या राहतात, काही पिढीभर अडकतात. मी स्वतः भूसंपादन पूर्ण होऊन काम सुरू झालेला प्रकल्पच हिशेबात धरतो. बाकीच्यांसाठी चौरस फुटामागे जादा पैसे मागितले तर देऊ नयेत.

प्रवासाची परीक्षा सोपी आहे. कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, त्या जागेपासून तुमच्या कचेरीपर्यंत आणि मुलांच्या शाळेपर्यंत स्वतः जाऊन बघा. जाहिरातीतली ‘दहा मिनिटं’ मोकळ्या रस्त्यावरची असतात.

५. जिथे बांधकामच चालत नाही

काही पट्टे असे आहेत, की तिथे स्वस्त घर हेच धोक्याचं लक्षण समजावं.

पहिला पट्टा लष्करी ‘रेड झोन’. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्ड, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर परिघात बांधकामाला बंदी आहे. तळवडे, निगडी, रावेत, किवळे या भागांतल्या काही जमिनी त्यात येतात. तरीही तिथे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, घरं झाली. त्यांना बँका कर्ज देत नाहीत आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळत नाही.

दुसरा पट्टा टेकड्यांचा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांमधल्या टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी, राखीव आहेत. बाणेर, बावधन, धायरी, आंबेगाव या बाजूंना त्या पसरल्या आहेत. शिवाय १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर चालताना एका मीटरपेक्षा जास्त चढाव असेल तिथे, बांधकामाला परवानगी नसते. या नियमाकडे झाडं वाचवण्यापुरता नियम म्हणून बघू नका. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीला डोंगर फोडून केलेल्या भरावामुळे पाण्याची वाट बदलली, लोंढा महामार्गावर आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली.

लोहगावजवळ घर घेणाऱ्यांनी विमानांचा आवाज रात्री ऐकावा. तिथली धावपट्टी हवाई दलाची आहे, त्यामुळे इमारतींच्या उंचीवरही बंधनं आहेत. वरचे मजले मंजूर आहेत का, हे तपासावं.

६. त्या भागातला खरा दर

जाहिरातीतला दर म्हणजे सांगितलेली किंमत. प्रत्यक्ष झालेले व्यवहार नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये दिसतात. गाव, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक टाकला, की सूची क्रमांक २, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, ती उघडते. त्यात मोबदला आणि क्षेत्रफळ असतं. समजा ६० चौरस मीटर चटईक्षेत्राची सदनिका ६४ लाख ६० हजारांना गेली. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ६० चौरस मीटरचे झाले ६४६ चौरस फूट. दर आला १०,००० रुपये. शेजारच्या प्रकल्पात तुम्हाला १२,५०० सांगत असतील, तर वरचे अडीच हजार कशाचे, हे विचारायचा तुम्हाला आधार मिळाला. क्षेत्रफळ चटईचं दिलंय की बांधीव, आणि पार्किंग त्यात आहे का, एवढं मात्र बघून घ्या. रेडी रेकनरचा दर ही मुद्रांक शुल्काची खालची पातळी आहे. त्याला बाजारभाव समजू नका.

७. हे सगळं कधी करायचं?

टोकन देण्याआधी. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पण साठ लाखांच्या घरात तेही सहा लाख होतात, आणि एकदा गेलेले पैसे परत मिळवणं किती जिकिरीचं असतं हे अनुभवलेल्यांना विचारा. या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण म्हणजे महारेरा. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ दाखला, मालकीहक्काचा अहवाल आणि बोजा बघता येतो. तो जरूर बघा. मात्र महारेराची नोंदणी कुंपणाच्या आतल्या प्रकल्पाची असते. बाहेरचा रस्ता, पाणी आणि ओढा यांची चौकशी तुमची तुम्हालाच करावी लागते.

विक्री प्रतिनिधीनं पाणी, रस्ता किंवा मेट्रोबद्दल जे सांगितलं ते त्याच्याकडून ई-मेलवर लिहून मागा आणि जाहिरातपत्रक जपून ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले असतील, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली व्याजासह परतावा आणि नुकसानभरपाई मागता येते. परदेशात राहून व्हिडिओ कॉलवर घर पसंत करणाऱ्यांनी तर घरच्या एखाद्या माणसाला जून ते सप्टेंबरच्या दरम्यान एकदा आणि मे महिन्यात एकदा तिथे पाठवावं, आणि तोवर सही करू नये.